कार्डाचं बिल महिन्याला, सोयाबीनचा पैसा हंगामाला. क्रेडिट कार्ड वापरताय तर आधी हा हिशेब बघा

औसा (प्रतिनिधी) : जानेवारीतली गोष्ट. शेजारचे आण्णा सकाळीच मोबाईल घेऊन घरी आले. म्हणाले, "बापू, हा मेसेज वाच बरं. सहा महिने झालं पैसे भरायलोय, तरी बाकी तेवढीच दाखवायलंय. बँकेची चूक असंल ना?"

चूक बँकेची नव्हती. खरं सांगायचं तर आण्णांचीही पूर्ण नव्हती. आठवडी बाजारात टेबल टाकून बसलेल्या पोरांनी "शेतकऱ्यांसाठी कार्ड" म्हणून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आण्णांना वाटलं, हे किसान क्रेडिट कार्डच आहे. पेरणीच्या टायमाला त्यांनी कृषी सेवा केंद्रात ४० हजारांचं खत-बियाणं या कार्डावर घेतलं. बिल आलं तेव्हा खाली "किमान देय रक्कम २,००० रुपये" असं लिहिलेलं होतं. त्यांनी २ हजार भरले. पुढच्या महिन्यातही जेवढी किमान रक्कम आली तेवढी भरली. सोयाबीन विकलं की सगळं फेडू, असा सरळ विचार.

असे आण्णा आता प्रत्येक गावात दोन-चार सापडतात. म्हणून हा विषय जरा खोलात लिहितोय.

नाव सारखं, कार्ड वेगळं

किसान क्रेडिट कार्ड, म्हणजे केसीसी, ही १९९८ पासूनची योजना आहे. ते पीक कर्जाचं खातं आहे. त्याच्यासोबत मिळणारं रुपे कार्ड हे त्या खात्यातून पैसे काढायचं साधन, बाकी काही नाही. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला वर्षाला ७ टक्के व्याज. मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट मिळून ते ४ टक्क्यांवर येतं. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत हे कर्ज शून्य टक्क्यानं पडतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारणही लागत नाही. आणि मुख्य म्हणजे हे कर्ज पिकाच्या हिशेबानं फेडायचं असतं. दर महिन्याला हप्ता नाही.

साधं क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेची महिन्याभराची उधारी. वाण्याच्या वहीसारखीच. फरक एवढाच, की वाणी दिवाळीपर्यंत थांबतो आणि कार्डवाला ठरलेल्या तारखेनंतर थांबत नाही. त्या तारखेच्या आत सगळं बिल भरलं तर एक रुपयाही व्याज नाही. नाही भरलं तर व्याज महिन्याला साधारण अडीच ते पावणेचार टक्के, कार्डाप्रमाणे.

"साडेतीन टक्के" ऐकायला काहीच वाटत नाही. आपल्या भाषेत सांगतो. सावकार शेकडा तीननं पैसे देतो म्हटलं की आपण म्हणतो, लुटतो बाबा. कार्डाचा भाव शेकडा साडेतीन आहे. वर्षाचे ४२ टक्के. शिवाय या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शेकडा चारच्याही वर गेलं.

एवढं व्याज चालतं का, असं बरेच जण विचारतात. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. त्यामुळे ३० टक्क्यांची अडकाठी आता नाही.

आण्णांचे २ हजार गेले कुठं?

वहीवर मांडून दाखवलं तेव्हा आण्णा गप्प झाले. तुम्हीही मांडून बघा. बिल ४० हजार. आण्णांच्या कार्डाला किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, म्हणजे २ हजार. ते भरले, उरले ३८ हजार. त्यावर महिन्याचं साडेतीन टक्के व्याज १,३३० रुपये आणि जीएसटी २३९ रुपये. पुढचं बिल ३९,५६९. दोन हजार भरून कर्ज कमी झालं ४३१ रुपयांनी!

असे सहा महिने भरले तर खिशातून जातात ११,६८० च्या आसपास, आणि बाकी राहते ३७,४८० च्या आसपास. म्हणजे ९ हजारांच्या वर नुसतं व्याज आणि जीएसटी. हा हिशेब मी सोपा करून मांडलाय. खरं व्याज याच्यापेक्षा थोडं जास्तच लागतं, कारण एकदा का बिल अर्धवट भरलं की व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात.

तेच ४० हजार केसीसीतून उचलले असते तर सहा महिन्यांचं व्याज ७ टक्क्यांनी १,४०० रुपये झालं असतं. मुदतीत फेडले असते तर तेही शेवटी वाचलं असतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी वहीवर निघाली, ती मला जास्त लागली. आण्णांनी नोव्हेंबरमध्ये सोयाबीन विकलं नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात भाव त्याच्या खाली. भाव वाढंल म्हणून पोती घरात ठेवली. आपण सगळेच ठेवतो, मीही ठेवली होती. पण हिशेब बघा. १० क्विंटलवर २०० रुपये भाव वाढला असता तर जास्तीचे मिळाले असते २ हजार. त्या दोन महिन्यांत कार्डाचं व्याज गेलं जवळपास ३ हजार. म्हणजे भाव वाढला असता तरी आण्णा तोट्यातच. आणि भाव काही वाढला नाही.

अंगावर साडेतीन टक्क्यांचं कर्ज असताना माल धरून ठेवणं परवडत नाही. तेवढ्यापुरता माल विकून कार्ड मोकळं करावं, बाकीची पोती ठेवावीत.

किमान रक्कम भरायचीच नाही का? अगदी अडचण असेल त्या महिन्यात जरूर भरा. त्यामुळे लेट फी वाचते आणि सिबिलला थकबाकी लागत नाही. पण ती भरली म्हणजे बिल भरलं, असं धरू नका. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. छापलेला असतोही. आण्णांच्या बिलावरही होता, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

दोन तारखा पाठ करा

कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल तयार व्हायची, दुसरी भरायची. समजा बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची १ आहे. तर १३ जूनला घेतलेल्या वस्तूचं बिल १२ जुलैला निघणार आणि पैसे १ ऑगस्टला द्यायचे. ४८-४९ दिवस बिनव्याजी मिळाले. पण तीच वस्तू ११ जूनला घेतली तर पैसे १ जुलैलाच द्यावे लागतात, २० दिवसांत. मोठी खरेदी करायची असेल तर बिल निघाल्यावर करावी, एवढंच त्यातलं गणित. मात्र मागची बाकी असेल तर हे बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. हे कार्ड देताना कोणी सांगत नाही. म्हणून बाकी असताना त्या कार्डावर काडीपेटीसुद्धा घेऊ नका.

ही तारीख आपल्या सोयीनं बदलून मागता येते. निदान एकदा तरी हा पर्याय देणं बँकेला बंधनकारक आहे. घरात दुधाचा धंदा असेल, बिल दर दहा दिवसांनी येत असेल, तर त्याच्या पुढची तारीख घ्या. पोरगा पुण्याला कंपनीत असेल आणि घरी पैसे पाठवत असेल तर त्याच्या पगारानंतरची घ्या.

इथंच मला वाटतं ते सांगतो. दुभती जनावरं, किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा घरात एखादी नोकरी, म्हणजे दर महिन्याला खात्रीनं पैसा येणारं घर असेल तर क्रेडिट कार्ड वापरायला हरकत नाही. उलट नीट वापरलं तर फायद्याचंच आहे. पण नुसत्या सोयाबीन-तुरीवर, नाहीतर उसाच्या बिलावर घर चालत असेल तर शेतीचा खर्च या कार्डावर कधीच टाकू नये. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचा कायदा १९६६ पासून आहे. किती वेळा १४ दिवसांत मिळाले ते तुम्हीच आठवा. कार्डवाला तुमच्या कारखान्यासाठी थांबणार नाही.

भरायची सोय ऑटो-डेबिटची करून ठेवली तर बरं. पण ती लावताना "पूर्ण रक्कम" निवडा. फॉर्मवर बऱ्याचदा "किमान रक्कम" अशी खूण आधीच केलेली असते. आणि बिल निघायची वाट बघायला पाहिजे असंही नाही. दुधाचे पैसे आले, हजार रुपये कार्डात टाकले, असं मधेमधे भरता येतं. माझी बायको असंच करते. तिच्या बिलात शेवटी दोन-तीनशे रुपये उरतात, डोक्याला ताप नाही.

माझी स्वतःची चूकही सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी बोअरची मोटार जळाली. मेकॅनिकला रोख पाहिजे होती. मी एटीएमला गेलो आणि क्रेडिट कार्डानं ८ हजार काढले. वाटलं, महिन्यानं भरू, व्याज नाही. बिल आल्यावर कळलं, की रोख रकमेला बिनव्याजी दिवस नसतातच. काढली त्या दिवसापासून व्याज चालू, वर ५०० रुपये फी आणि फीवर जीएसटी. बँकेच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "पुस्तिकेत लिहिलंय की." लिहिलं होतंच. मोटार मात्र त्याच आठवड्यात परत जळाली, ते जाऊ द्या.

कार्ड घ्यायचंच तर कोणतं?

कार्ड विकणारी पोरं आधी विमानतळावरच्या लाउंजचं सांगतात. आपल्या औसा स्टँडवर बसायला धड बाकडं मिळत नाही, लाउंज घेऊन काय करायचं? त्या सोयीची किंमत वार्षिक फीमध्ये धरलेली असते. म्हणून पहिला प्रश्न वार्षिक फीचा. "पहिलं वर्ष फुकट" आणि "कायम फुकट" यात फरक आहे, दुसऱ्या वर्षी फी किती ते लेखी बघा. "वर्षाला एक लाख खर्च केला तर ५०० रुपये फी माफ" असलं पण असतं. पाचशे वाचवायला माणूस नको ती खरेदी करतो.

पेट्रोल-डिझेलची कार्डं असतात. त्यांची मोठी सूट ठरावीक कंपनीच्या पंपावरच मिळते. तुमच्या रस्त्याला तो पंप नसेल तर कार्ड खिशाला ओझं. ऑनलाइन दुकानांची कार्डंही तशीच, त्याच दुकानात खर्च करत असाल तरच उपयोग.

गावात सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे रुपे क्रेडिट कार्ड. सप्टेंबर २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं. म्हणजे स्वाइप मशीन नसलेल्या दुकानातही कोड स्कॅन करून कार्डातून पैसे देता येतात. मजुराला किंवा पाहुण्याला पैसे पाठवता येत नाहीत, दुकानदारालाच. सोय मोठी आहे, आणि धोकाही त्याच सोयीत आहे. एकाच ॲपमध्ये बचत खातं आणि क्रेडिट कार्ड शेजारी-शेजारी दिसतात. चहा पिऊन स्कॅन करताना उधारीवर कधी बोट पडलं ते कळत नाही. आण्णांच्या बिलात खत-बियाण्याशिवाय अशा वीस-तीस रुपयांच्या ओळी बऱ्याच निघाल्या.

पगाराची पावती नाही, आयटी रिटर्न नाही, म्हणून बँक कार्ड देत नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड बघा. १५-२० हजारांची ठेव ठेवली की तिच्या ठरावीक हिश्शाएवढी मर्यादा मिळते. ठेवीवर व्याज चालूच राहतं. कर्जाचा काहीच इतिहास नसलेल्या तरुणांना सिबिल तयार करायला हे बरं. पण थकवलं तर बँक ठेवीतून वळती करून घेते, आणि व्याजाचा दर इतर कार्डांसारखाच चढा असू शकतो. ठेव आपली आहे म्हणून व्याज कमी असेल, असं नाही.

किती कार्डं ठेवावीत? माझ्या मते एक. दुसरं कार्ड बहुतेक वेळा पहिल्याचं बिल भरायला घेतलं जातं.

अडकलात तर

आधी त्या कार्डाचा वापर बंद. मग घरात स्वस्त पैसा कुठं मिळतो ते बघायचं. मुदत ठेवीवरचं कर्ज, सोनेतारण, बचत गट, सगळ्यांचा व्याजदर कार्डापेक्षा कितीतरी कमी असतो. त्यातून कार्ड एकदम मोकळं करावं. ते शक्य नसेल तर बँकेला सांगून बाकीचे हप्ते पाडून घ्या. हप्त्याचं व्याज सहसा कमी असतं, पण प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून विचारा. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपमधून पैसे घेऊन कार्ड भरायला जाऊ नका. त्या वाटेनं गेलेली पोरं मी बघितलीत.

दोन कार्डांची बाकी असेल तर दोन्हीची किमान रक्कम भरा आणि उरलेला सगळा पैसा जास्त व्याजवाल्यावर मारा.

काही जण म्हणतात, कर्जमाफीत बसंल. नाही बसत. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना असो की २०१९ ची महात्मा फुले योजना, त्या शेतीच्या कर्जासाठी होत्या. क्रेडिट कार्डावर बियाणं घेतलं म्हणून ते पीक कर्ज होत नाही.

थकलं तर वसुलीचे फोन येतात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी, शिवीगाळ, भावकीत बदनामी याला तर अजिबात परवानगी नाही. साधं क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज आहे, त्याचा बोजा सातबाऱ्यावर चढवलेला नसतो. "उद्या जमीन जप्त करतो" असं फोनवर म्हणणाऱ्याला तसा अधिकार नाही, बँकेला त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. पण म्हणून बुडवावं असंही नाही. निम्म्या पैशात "सेटलमेंट" केलं की सिबिलच्या अहवालात तसा शेरा लागतो, आणि पुढं ट्रॅक्टर घेताना, पोरीचं शैक्षणिक कर्ज काढताना तो आडवा येतो.

बँकेचंही काही देणं लागतं. न मागता कार्ड पाठवून चालू केलं आणि बिल लावलं, तर ते बिल रद्द करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. देय तारखेला ३ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते, तीही राहिलेल्या रकमेवर. सगळी बाकी भरून कार्ड बंद करायचा अर्ज दिला की ७ कामाच्या दिवसांत बंद व्हायला पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला. अर्ज ईमेलनं किंवा ॲपवरून करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बँकेनं ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी नंबर १४४४८. कार्डावर कोणी परस्पर पैसे उडवले तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा, लगेच १९३० ला फोन करा. तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवणं महत्त्वाचं. ओटीपी मात्र आपणच सांगितला असेल तर नुकसान आपल्या गळ्यात पडतं.

आण्णांनी त्याच आठवड्यात नऊ क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर नेलं. भाव मनासारखा नव्हताच. आलेल्या पट्टीतून ३७ हजारांच्या वरची बाकी एका दमात भरली. ॲपवर शून्य दिसेपर्यंत माझ्या ओसरीवरून हलले नाहीत. पीक कर्जाची फाईल आता सोसायटीत दिलीय, मंजुरी यायचीय.

आठ दिवसांनी परत मोबाईल घेऊन आले. बँकेचा मेसेज होता : तुमची परतफेड चांगली आहे, मर्यादा वाढवून ९० हजार करायची का? ग्राहकानं स्पष्ट होकार दिल्याशिवाय मर्यादा वाढवता येत नाही, म्हणून विचारतात. आण्णांनी चष्मा लावला, मेसेज दोनदा वाचला आणि मला विचारलं, "नको कुठं दाबायचं?"